मोडक्या विमानापुढचा म्हादू

लढाईत तुम्ही काय केलंत, असं भोरमध्ये मला पुष्कळांनी विचारलं. ‘पडलेली जर्मन विमानं फोटोवरून ओळखली,’ असं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहराच उतरायचा. बंदूक नाही, संगीन नाही, आणि पडलेलं विमान ओळखून करायचं काय? एक पाहुणे तर म्हणाले होते, "अहो, पडलंय हे आंधळ्यालासुद्धा कळेल. त्यात ओळखायचं ते काय?"

सांगतो. मी मॅट्रिक झाल्यावर पुण्याला लष्कर भागातल्या एका स्टुडिओत फोटो धुवायला शिकलो. लढाई पेटली तेव्हा हवाई दलाला अंधाऱ्या खोलीत काम करणारी माणसं हवी होती. मी भरती झालो आणि मिसर देशात, इजिप्तमध्ये, जाऊन पडलो. वाळवंटाच्या कडेला पत्र्याची शेड, पाण्याची बोंब, आणि रोज येणारे फोटो. गस्तीवरच्या शिपायांनी खिशातल्या कॅमेऱ्यांनी काढलेले, हललेले, वाळूने ओरखडलेले. त्यात कुठेतरी एक मोडकं विमान. ते कोणत्या जातीचं, त्यातही कितव्या पिढीचं, हे आम्ही सांगायचं. शत्रूने नवं इंजिन बसवलं, जास्त जाड गोळीची बंदूक बसवली, तर त्याची पहिली बातमी अशा पडलेल्या विमानातूनच मिळायची. ती वेळेवर मिळाली नाही तर आमचे वैमानिक आकाशात मरायचे.

आमचा सार्जंट इंग्रज होता. लढाईआधी शाळेत भूगोल शिकवायचा, आणि आम्हालाही त्याने तसंच, हातात पट्टी घेऊन शिकवलं. विमानावरच्या काळ्या क्रॉसकडे बघायचं नाही. तो सगळ्यांवरच असतो. वाकड्या पंखांचं आणि पायात बूट घातल्यासारखी चाकं असलेलं ते बॉम्ब टाकणारं स्टुका. अंगावर पन्हाळी पत्रा असला तर माणसं वाहून नेणारं. पण खरी परीक्षा लहान लढाऊ विमानाची. त्याला आम्ही नुसतं ‘एकशेनऊ’ म्हणायचो. पंखांची टोकं चौकोनी आणि शेपटीखाली आधाराचे दांडे असले तर ते जुनं. टोकं गोल आणि दांडे गायब, तर त्यानंतरचं. हवा आत घेणारं बोंडकं नाकाच्या डाव्या अंगाला असतं. ते उजवीकडे दिसलं तर फोटो उलटा छापलाय असं समजायचं. मग लढाईच्या उत्तरार्धात, वाळवंटातून जर्मन जवळजवळ हटले तेव्हा, एक फोटो आला. त्यातल्या एकशेनऊच्या नाकावर, वैमानिकाच्या खिडकीपुढे, दोन्ही अंगांना गळवं उठावीत तसे दोन फुगे होते. आत जास्त मोठ्या बंदुका बसवल्या होत्या, त्या मावेनात म्हणून पत्रा फुगवलेला. सार्जंट त्या दिवशी चहा प्यायचा विसरला. ते फुगे मी पुढे झोपेतही ओळखले असते.

गंमतीही व्हायच्या. एक मेजरसाहेब विमानावर पाय ठेवून उभे असलेला स्वतःचा फोटो घेऊन आले. आदल्या दिवशी मी पाडलं म्हणाले. विमानाच्या पोटाला वाऱ्याने वाळूचा ढीग आणून लावला होता, आणि इंजिनाचे निम्मे भाग कोणीतरी केव्हाच सोडवून नेले होते. सार्जंटने भिंग खाली ठेवलं. "साहेबांनी पाडलं असेल," तो अदबीने म्हणाला, "पण मग दुसऱ्यांदा."

पण हसण्यासारखं थोडंच. फोटो धुताना चित्र एकदम येत नाही. ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात पांढरा कागद पडलेला असतो, मग राखाडी सावली धरते, मग कडा येतात. एकदा असाच एका एकशेनऊचा, वैमानिकाच्या खिडकीपासून शेपटीपर्यंतचा, भाग मोठा करून छापत होतो. लाल दिव्यात काचेपाशी काहीतरी फिकट उमटायला लागलं. मला वाटलं हातमोजा असेल. मग बोटं आली, नखं आली. आतून काचेला टेकवलेला पंजा होता तो. खिडकी उघडायचा प्रयत्न करताना तो माणूस जळाला होता. सार्जंट मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शेपटीला दांडे आहेत का बघ." मी बघितलं. नव्हते. तसं सांगितलं.

हे एवढं लांबण लावलं, कारण लढाईतला सर्वांत मोठा धक्का मला लढाईत बसला नाही. तो इथे, भोरच्या पेठेत, माझ्या दुकानात बसला.

लढाई संपल्यावर मी घरी आलो आणि भोरला छोटा स्टुडिओ टाकला. गिऱ्हाइकं बेताची. मुंजी-लग्नाचे फोटो थोडे, आणि लढाईवर गेलेल्या पोरांचे मोठे करून देण्याचे फोटो पुष्कळ. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातून पलटणीत कितीतरी जण गेले होते. परत न आलेल्यांची आईबापं छोटासा डागाळलेला फोटो कापडात गुंडाळून आणायची.

एका बाजाराच्या दिवशी असेच एक म्हातारबुवा आले. धोंडिबा त्यांचं नाव. विंझरच्या वरच्या अंगाला धनगरवाडा होता, तिथले. खांद्यावर घोंगडी, आणि मागे दारातच थांबलेली त्यांची सून सगुणा. हात मोकळे, कपाळ मोकळं. चोविशी-पंचविशीची असेल. धोंडिबांनी कमरेची पिशवी सोडून फोटो माझ्यापुढे ठेवला.

"ह्यो माझा ल्योक म्हादू. तोब्रुकच्या लढाईत गेला. दुसरा त्यो विंझरचा गनपत. त्यो परत आला, त्यानंच दिला ह्यो फोटू. येकट्या म्हादूचा मोठा करून द्या. गनपत नगं, इमान बी नगं."

हातभर अंतरावरून मी बघितलं. मोडक्या विमानाच्या पंखावर दोन तरुण बसले होते, अंगात जाड कोट, मागे सगळं पांढरं. वाळवंटात रात्री थंडी असते, तेव्हा कोटाचं मला काही वाटलं नाही. विमानाकडे मी मुद्दामच पाहिलं नाही. त्या कामाला मी विटलो होतो.

"कधी हवाय?" मी विचारलं.

"म्हैन्याभरात द्या. धाकल्या ल्येकाशी, केरबाशी, हिचा पाट लावायचा घाट हाय. त्याच्या आदी म्हादूचा फोटू देवाम्होरं ठिवतो, त्याला विचारतो आन मंग लावतो."

सगुणा तोवर बोलली नव्हती. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून ती म्हणाली, "तेंचं डोळं तेवढं नीट निगू द्या. मला आता आठवंनात."

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसलो. निगेटिव्ह नव्हती, म्हणून फोटोचाच फोटो काढायचा होता. आधी भिंगाखाली धरून कुठे डाग, कुठे ओरखडे ते बघून घेत होतो. म्हादूचा चेहरा चांगला होता, रुंद, हसरा. त्याच्या खांद्यामागून विमानाचं नाक आलं होतं, आणि नाकावर फुगा होता.

मी भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. बोंडकं डाव्या अंगाला, म्हणजे फोटो सुलटा. पंखाचं टोक गोल. शेपटीला दांडे नाहीत. आणि खिडकीपुढे तो फुगा. वाळवंटातलं तोब्रुक बंदर जर्मनांनी घेतलं तेव्हा हे विमान कारखान्यातून बाहेरसुद्धा आलं नव्हतं. मग तोब्रुकला मेलेला माणूस त्याच्या पंखावर बसून हसत कसा होता?

फोटो उजेडात नेऊन मी तसूतसू बघत गेलो. मागचं पांढरं मी वाळू म्हणून सोडून दिलं होतं. वाळूवर वाऱ्याच्या लाटा असतात. इथे एकही नव्हती. पंखाच्या खालच्या कडेला बारीक बारीक काचेचे दात लोंबत होते. ते गोठलेलं पाणी होतं. ती वाळू नव्हतीच, तो बर्फ होता.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि विंझरची वाट धरली.

गणपत खळ्यावर भात झोडपत होता. फोटो दिला तेव्हापासून त्याचं आणि धनगरवाड्याचं चांगलं येणंजाणं होतं, हे मला वाटेतच कळलं होतं.

"राम राम फोटोवालं! हिकडं कुटं?"

मी फोटो पुढे केला. "हा कुठे काढला, गणपतराव?"

"धोंडिबास्नी सांगितलं की मागं. तोब्रुकच्या अल्याड, वाळूत. म्हादू पडायच्या चार दिस आदी."

"ही वाळू नाही. बर्फ आहे. आणि हे विमान तोब्रुकच्या लढाईत नव्हतंच. तेव्हा असं विमान जगात नव्हतं."

त्याने हातातली पेंढी हळूच खाली ठेवली. खळ्याच्या कडेला बसला, डोक्याचं मुंडासं सोडून मांडीवर घेतलं.

"त्या मोडक्या इमानानं सांगितलं व्हय तुमाला?"

"हो."

"आजून कुनाला म्हाईत हाय?"

"कोणालाच नाही."

"मंग गप ऱ्हावा की. त्या बाईचा पाट लागतूय, लागू द्या. सुकात ऱ्हाईल."

मी समजत होतो ते एवढंच, की म्हादू तोब्रुकला न मरता पुढे कुठेतरी मेला असेल, आणि गणपतने काही कारणाने जागा बदलून सांगितली असेल. म्हणून मी विचारलं, "मग म्हादू मेला तरी कुठे?"

गणपतने माझ्याकडे बघितलं. "मेला न्हाई," तो म्हणाला.

गणपतची बायको पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. आमची तोंडं बघून ती तशीच परत फिरली.

मग त्याने सगळं सांगितलं. तोब्रुक पडलं तेव्हा दोघं शत्रूच्या हाती सापडले. बोटीत घालून त्यांना इटलीत नेलं. कैदेत नावं लिहून घेणाऱ्याला यांची बोली कळेना. गणपत कैदेत असल्याचं कार्ड घरी पोचलं, म्हादूचं कुठे गेलं देव जाणे. पुढे इटलीने लढाई सोडली, पहारेकरी पळाले, तेव्हा हे दोघं डोंगरात शिरले. वर मेंढपाळांची वस्ती होती. एका म्हातारीने त्यांना गोठ्यात लपवलं. जर्मन लोक खालच्या रस्त्याने जायचे तेव्हा ती यांच्या अंगावर गवत लोटायची.

"आनी म्हादूला काय, मेंढरं दिसली," गणपत म्हणाला. "त्यो तिथं आसा रमला, जनू वाड्यावरच हाय. त्येंची बोली बी शिकला. कोकरू आडलं तर त्याला हाक मारायचं लोक. म्हातारीची ल्येक हुती. तिचा नवरा लढाईत गेल्याला. पयल्या थंडीत ते इमान वस्तीच्या वर पडलं. गावच्या पाद्र्याकडं डबडा कॅमेरा हुता, त्यानं काडला ह्यो फोटू. फुडं आपली पलटन खाली आली तवा म्या म्हनलं, चल. त्यो म्हनला, तू जा. तिला दिस गेल्यात. घरी सांग, म्हादू तोब्रुकला मेला. मेंगाईदेवीची आन घातली मला."

"आणि तुम्ही फोटो कशाला दिलात मग?"

"धोंडिबा रडाय लागलं. म्हनलं, ल्येकाची काय तरी खून दे. ती बाई दाराआड हुबी. रित्या हातानं कसा उटू? मला काय ठावं, इमानाला बी वय असतं!"

मला मनातून भीती वाटत होती. पलटण सोडून राहिलेला माणूस. सरकारने मनात आणलं तर त्याला पकडून आणतील, आणि खोटं सांगणाऱ्या गणपतलाही धरतील. गप्प बसणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. पण त्या घरात एक पोर मोकळ्या कपाळाने वावरत होती, आणि तिचा नवरा जिवंत होता. शेवटी गणपतच उठला. मुंडासं बांधत म्हणाला, "चला. म्याच सांगतो. ती आन आता न्हाई पेलत."

धनगरवाड्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलायची होती. धोंडिबा अंगणात लोकर निवडत होते. केरबा मेंढरांमागे गेला होता. सगुणा चुलीपाशी होती. मी फोटो आणला असं वाटून ती हात पुसत बाहेर आली.

गणपतने बसूनसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं, एका दमात, जमिनीकडे बघत. म्हादू जित्ता हाय. फलाण्या मुलकात हाय. परत येनार न्हाई. तिथं त्याचा संसार हाय.

धोंडिबा आधी हसले. खरोखर हसले, लहान पोरासारखे. "माझा म्हादू हाय?" म्हणाले. मग गणपतचं पुढचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून वाळून गेलं. हातातली लोकर गळाली. मग त्यांनी विचारलं, आणि काय विचारलं, तर "मेंढरं किती हायत त्याच्यापाशी?"

"लई हायत, आबा. आपल्यापरीस जास्ती."

म्हाताऱ्याने मान हलवली, आणि पुन्हा हलवली. मग घोंगडी डोक्यावरून घेतली आणि आत त्यांचं अंग गदगदायला लागलं. पोरगा मेल्याची बातमी आली तेव्हा हा माणूस चारचौघांत रडला होता. जिवंत असल्याची आली तेव्हा तोंड झाकून रडला.

सगुणा हलली नव्हती. गणपतकडे बघत ती म्हणाली, "भावजी, तुमी सांगाय आलासा त्या दिशी हितंच बसला हुतासा. आत्याबाई हुत्या तवा. त्येंनी मला आत न्हेलं."

गणपतने मुंडासं काढून हातात घेतलं.

"आत म्या बांगड्या फोडत हुते. तुमी हितं पानी पीत हुता. तुमास्नी आवाज आला न्हवं?"

"आला," गणपत म्हणाला.

"आन तुमी गप बसलासा."

"व्हय."

ती त्याला शिव्या देईल, निदान रडेल असं मला वाटलं होतं. ती आत गेली. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास येत होता. तिने ती उलथली, दुसरी थापायला घेतली, आणि थापता थापता मध्येच थांबून पिठाचे हात तसेच समोर धरून बघत राहिली. आम्हाला जा म्हणायलाही कोणी उरलं नव्हतं. आम्ही तसेच उतरलो. विंझरला वेगळे झालो तेव्हा राम रामही केला नाही.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. सरकारदरबारी आम्ही कोणीच ब्र काढला नाही. पंच बसले. नवरा जिवंत, तेव्हा ही विधवा नाही आणि विधवेसारखा पाट लागत नाही, असं ठरलं. पाटाचा बेत मोडला. कोणी म्हणालं, हिला टाकली असं म्हणायचं. त्यावर सगुणा पंचांपुढे येऊन म्हणाली, "त्यानं मला टाकली न्हाई, म्या त्याला सोडला. काडी मोडा माझ्याम्होरं." बाईमाणसाने असं भर पंचांत मागितल्याचं वाड्यावर कोणाला आठवत नव्हतं. पण धोंडिबांनीच गवताची काडी उचलून तिच्या हातात दिली, आणि तिने ती मोडली. केरबाशी तिने लगेच लग्न केलं नाही. वर्षभर त्याला ताटकळत ठेवलं आणि मग आपण होऊन हो म्हणाली. त्यांचा संसार चांगला झाला. गणपत मात्र पुन्हा धनगरवाड्यावर चढला नाही. मी बोललो नसतो तर बरं झालं असतं का, हे मला अजूनही सांगता येत नाही. धोंडिबा त्यानंतर फार जगले नाहीत. शेवटच्या दिवसांत ते म्हादूला हाका मारायचे आणि मग हाक ऐकू येण्याइतका तो जवळ नाही म्हणून चिडायचे, असं केरबाने मला सांगितलं.

काडी मोडल्यानंतरच्या बाजाराला सगुणा माझ्या दुकानात आली. एकटीच. कासाराकडून थेट आली असावी. दोन्ही हातांत मनगटापासून वर हिरवा चुडा, कपाळाला आडव्या रेघेचं कुंकू. माझ्याकडे म्हादूचा अर्धवट राहिलेला मोठा फोटो होता. तो न्यायला ती आली असेल, असं मला वाटलं. मी तो काढायला वळलो.

"त्यो नगं," ती म्हणाली. पहिल्या खेपेला याच दुकानात ती ‘तेंचं डोळं’ म्हणाली होती. ‘त्यो’ म्हणजे म्हादू की फोटो, ते मी विचारलं नाही. "माझा काडा."

तिचा हा जन्मातला पहिला फोटो. मी खुर्ची दिली तर तिला बसवेना, म्हणून उभीच ठेवली. पडदा नीट केला, काळ्या कापडाखाली शिरलो. काचेवर ती उलटी दिसत होती, पण डोळे सरळ माझ्यावर रोखलेले होते.

"जरा हसा," मी सवयीने म्हणालो.

"हसाया कशाला पायजे?"

मी फोटो काढला. आठवड्याने धुवून, छापून तयार ठेवला. ती आली, फोटो हातात घेऊन चुड्याचा भाग बोटाने चाचपून बघितला, आणि परत माझ्याच हातात दिला.

"गनपतभावजींस्नी त्या गावाचं नाव ठावं आसंल. त्या पाद्र्याच्या पत्त्यावर धाडा ह्यो."

"बरोबर दोन ओळी लिहू का? काय लिहू?"

ती उंबऱ्यापर्यंत गेली होती. बाहेर बाजार भरला होता, माणसांची वर्दळ होती. तिने मागे वळून बघितलं.

"ल्ह्या," ती म्हणाली, "मी बी जित्ती हाय."